खुंटीवरचं गाडगं

दूध आणायला माणसाला किती वेळ लागावा? पिंपळगाव राजाच्या त्या गल्लीपासून डेअरी चारशे पावलांवर होती. राजकुमारने एकदा वैतागून ती मोजलीही होती. जायला पाच मिनिटं, यायला पाच, वाटेत कुणी गाठून कापसाचा भाव विचारला तर आणखी दहा. आणि त्याचे वडील पुंजाजी सकाळी साडेपाचला किटली घेऊन निघत ते नऊला परत येत. किटली रिकामी, चपलांना ओला काळा गाळ आणि तोंडाला आंबूस-गोड वास. विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं.

"दूध आणाले गेलतो."

हे ऐकलं की राजकुमारचं डोकं फिरायचं. पितो म्हणून कबूल हो, उलटून बोल, वाटल्यास भांड. पण रिकामी किटली हातात धरून दूध आणायला गेलो होतो म्हणणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाशी भांडायचं तरी कसं? तो किटली हिसकावून मोरीत आदळायचा आणि स्वतः गाडी काढून दूध आणायचा.

राजकुमार खामगावच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर होता. कापसाची गाडी आली की त्यात कोपरापर्यंत हात घालायचा, ओल बघायची, मीटर लावायचं, आणि हात व मीटर यांचं एकमत झालं की चिठ्ठीवर बरोबरची खूण करून गाडी आत सोडायची. हंगामात दिवसाला दोनशे चिठ्ठ्या व्हायच्या. खूण करताना तो चिठ्ठीकडे बघतही नसे, नजर पुढच्या गाडीवर असे. माल वाळवून आणला म्हणून शेतकरी पोराबाळांच्या शपथा घेत आणि काल संध्याकाळी पाणी मारलेलं आहे हे हात सांगत असे. वीस वर्षं हे केल्यावर त्याचा शपथांवरचा विश्वास उडाला होता आणि हातावरचा वाढला होता.

त्यातली अठरा वर्षं तो जळगावकडे होता. दोन वर्षांपूर्वी त्याची आई, रुखमाबाई, गेली. वडील एकटे पडले म्हणून बायको राखी आणि मुलगी छकुली यांना घेऊन तो गावी परतला. तोवर बाप पितो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आई असताना सकाळी फोन करून बाबा कुठे विचारलं, तर तीही म्हणायची, दूध आणाले गेले.

कार्तिकात पुंजाजींचे डोळे पिवळे झाले. खामगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून राजकुमारला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि सांगितलं की लिव्हर जवळजवळ संपलं आहे. पिणं आज थांबलं तर माणूस काही वर्षं काढेल, अजून महिनाभर चाललं तर परत माझ्याकडे आणण्याची तसदी घेऊ नका. पुंजाजींना भरती करून घेतलं. राखी उशाशी बसली. राजकुमारला मात्र बसवेना. बापाचा राग येत होताच, पण बापाला रोज ओतून देणारा जो कोणी होता त्याचा जास्त येत होता.

बसस्टँडवर त्याचा वर्गमित्र गोविंदा चहाचं दुकान चालवायचा. त्याला वासाचं वर्णन करून सांगितलं, आंबूस, गोडसर, फसफसल्यासारखा. गोविंदा लगेच म्हणाला की हा शिंदीचा वास. शिंदीच्या झाडाला खाच पाडून रात्रभर मडकं बांधून ठेवतात, त्यात जो रस ठिबकतो तो.

"पन शिंदी आता कुठून आनशीन बे?" तो म्हणाला. "नाल्यावरचं तुळशीरामचं दुकान आपुन चौथीत होतो तवाच बंद पडलं. तुळशीराम तवाच म्हातारा होता. झाडं बी तोडून नेली लोकायनं."

गोविंदाला जन्मापासून सगळं माहीत होतं आणि त्यातलं निम्मं चुकीचं निघायचं, त्यामुळे राजकुमारने ते कानाआड केलं. नाल्यावर दुकान आहे एवढंच त्याने लक्षात ठेवलं.

दवाखान्यात परत येऊन त्याने वडिलांना सांगून टाकलं की उद्या सकाळी मी त्या नाल्यावरच्या दुकानात जातो आणि त्या माणसाला सरळ करतो. पुंजाजींनी सलाइन लावलेल्या हाताने त्याचं मनगट धरलं. हात आजारी माणसाचा वाटत नव्हता.

"तिकडे जाऊ नको."

"काऊन?"

पुंजाजी त्याच्याकडे बघत राहिले. तोंड उघडलं, मिटलं, आणि शेवटी त्यांनी भिंतीकडे कूस वळवली. बेवड्याला आपला अड्डा बंद होण्याची भीती वाटते, यापेक्षा त्यात दुसरं काय असणार, असं राजकुमारला वाटलं. त्याला वाईटही वाटलं, पण राग त्याहून मोठा होता.

ऐन हंगामात रजा मागितल्यावर मॅनेजरने जे तोंड केलं ते पाहून दिवसाची सुरुवात झाली. मग रस्ता. पहिल्याने सांगितलं नाल्याची जुनी गाडवाट डावीकडे, दुसऱ्याने सांगितलं उजवीकडे, तिसऱ्याने अशी वाटच नाही म्हणून सांगितलं आणि वर हात करून ती दाखवलीही. मोबाइलच्या नकाशाने त्याला एका तुरीच्या वावरात आणून सोडलं आणि पोहोचलात म्हणून कळवलं. बाभळीच्या काट्यांतून गाडी ढकलत, घामाघूम होऊन, स्वतःच्या बापापासून नकाशा काढणाऱ्यापर्यंत सगळ्यांना शिव्या देत तो नाल्याच्या काठावर पोहोचला तेव्हा साडेआठ वाजले होते.

दुकान होतं. बंद वगैरे काही नव्हतं.

कवेलूचं उतरतं छप्पर, पुढे शेणाने सारवलेला ओटा, ओट्याला लागून एक जुना कडुनिंब. दारात पाय धुवायला रांजण. आत थंड, अंधूक, आणि इतकं स्वच्छ की चपला काढाव्याशा वाटल्या. राजकुमारने मनाशी अड्ड्याचं जे चित्र धरलं होतं त्यातलं तिथे काहीच नव्हतं. किंचाळणारा टीव्ही नव्हता, प्लॅस्टिकच्या खुर्च्या नव्हत्या, जमिनीवर शेवेची फाटलेली पाकिटं नव्हती, कुणी झिंगून पडलेलं नव्हतं. भिंतीच्या कडेने सागवानी बाकं होती, पिढ्यान्‌पिढ्या बसून बसून गुळगुळीत झालेली. पाटीवर भाजलेले हरभरे आणि हिरवी मिरची. बाकांवर पाच म्हातारे बसले होते, एकमेकांपासून हात-हात अंतर ठेवून, प्रत्येकाच्या हातात मातीचं छोटं गाडगं. हळू आवाजात पेरणीबद्दल काहीतरी चाललं होतं. खरं सांगायचं तर राजकुमारला जागा आवडली, आणि आवडली याचाच त्याला राग आला.

समोरच्या भिंतीत ओळीने खुंट्या ठोकलेल्या होत्या. प्रत्येक खुंटीला सुंभाने एक एक गाडगं अडकवलेलं, आणि गाडग्याच्या पोटावर चुन्याने केलेली खूण. कुठे फुली, कुठे चंद्रकोर, कुठे बैलाचं शिंग. सवयीने त्याने मोजलं. एकोणीस खुंट्या. बाकांवरच्या पाचांची गाडगी त्यांच्या हातात होती, तरी एकही खुंटी रिकामी नव्हती. त्याने पुन्हा मोजलं, आणि मोजण्यात चूक झाली असणार असं ठरवून सोडून दिलं.

सातव्या खुंटीवरच्या गाडग्यावर तीन ठिपके होते. हे तीन ठिपके त्याला पाठ होते. त्याच्या बापाची ही खूण घरातल्या फावड्यावर होती, विळ्यावर होती, कापसाच्या गाठोड्यांवर असायची आणि त्या दळभद्री किटलीच्या झाकणावरही होती.

आतून पन्नाशीचा एक माणूस आला. स्वच्छ धोतर, खांद्यावर पंचा. त्याने राजकुमारला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि नाव विचारल्यावर तुळशीराम म्हणून सांगितलं. आजोबाचं नाव नातवाला ठेवलं असणार, असा हिशेब राजकुमारने केला. आपण कोण, कशाला आलो, डॉक्टर काय म्हणाले, हे सगळं त्याने चढ्या आवाजात ऐकवलं. अशी विषारी दारू म्हाताऱ्यांना पाजताना लाज वाटत नाही का, असंही विचारलं. पाच म्हाताऱ्यांपैकी एकानेही मान वर केली नाही.

तुळशीरामला राग आला नाही. फक्त विषारी हा शब्द त्याला लागला असावा.

"हे काही मिसळेल नाई, साहेब," तो म्हणाला. "सांजेले मडकं बांधलं, पाह्यटे उतरवलं. आता गोड हाय. दहा वाजता फेस धरते, दुपारी आंबते, मंग नाल्यात सोडून द्या लागते. जिवंत माल हाय हा. बाटलीत कोंडला का मरते."

शिंदीच्या दुकानात माश्या नाहीत हे राजकुमारच्या तेव्हा लक्षात आलं. गुळाच्या ढेपेवर बसाव्यात तशा माश्या आणि गांधीलमाश्या इथे घोंघावायला हव्या होत्या. त्याने दारातून बाहेर पाहिलं. नाल्याच्या दोन्ही काठांना बाभळी होत्या, वरच्या अंगाला सुबाभूळ, मध्ये वाळलेला घाणेरीचा झाडोरा. शिंदीचं एकही झाड नव्हतं.

"झाडं कुठे आहेत तुमची?"

"हायेत," तुळशीराम म्हणाला, आणि पाटीवरचे हरभरे सारखे करू लागला.

असली उत्तरं राजकुमार रोज गाड्यांवर ऐकायचा. तो उठून थेट भिंतीपाशी गेला आणि सातव्या खुंटीवरचं गाडगं हातात घेतलं. गाडगं ओलं होतं. वरवर शिंपडलेलं ओलं नाही. माती आतून पाझरते तसं ओलं, थंडगार, आणि काठाशी अजून फेस चिकटलेला. या बाबतीत त्याचा हात चुकत नसे.

"हे आज कुणी वापरलं?"

"तुमच्याच बाबानं. आत्ताच उठून गेले."

पुंजाजी काल दुपारपासून खामगावला दवाखान्यात होते. हाताला सलाइन होतं, उशाशी राखी होती. राजकुमारने हे सांगितलं तेव्हा तुळशीरामने मान डोलावली, पाहुण्याच्या बोलण्याला मान द्यावी तेवढीच. राजकुमारचा उरलासुरला संयम संपला. रजा गेली, सकाळ गेली, अंगात काटे रुतले आणि वर हा माणूस तोंडावर खोटं बोलत होता. गाडगं मी घेऊन चाललो, आणि यापुढे पुंजाजी नावाच्या माणसाला इथे थेंब मिळता कामा नये, असं त्याने सांगितलं.

"न्या की," तुळशीराम म्हणाला. "घरच्या माणसानं काढलं का आमी मंग देत नाई. रीतच हाय थे. पन खुटी रिकामी ठेवता येत नाई, साहेब."

"मग लावा दुसरं."

"कोनाचं लावू?"

"कोणाचंही लावा. माझं लावा. पण यांचं काढा."

तुळशीराम आत गेला आणि एक कोरं गाडगं घेऊन आला. दुसऱ्या हातात चुन्याची वाटी होती. त्याने दोन्ही राजकुमारसमोर धरली आणि खूण करून द्या म्हणाला. राजकुमारने घड्याळ पाहिलं. साडेनऊ. दुपारपर्यंत पोहोचलं तर अर्धी रजा वाचली असती. दाराबाहेर उभ्या गाडीकडे बघत त्याने चुन्यात बोट बुडवलं आणि गाडग्यावर बरोबरची खूण केली, रोज दोनशेदा करायचा तशी, न बघता.

म्हातारे बोलायचे थांबले. मग बाकावरचे पाचही जण थोडे थोडे सरकले आणि मध्ये एका माणसापुरती जागा झाली.

डांबरी रस्त्याला लागल्यावर मोबाइलला रेंज आली आणि पाठोपाठ राखीचा फोन. ती रडकुंडीला आली होती. सकाळी नर्स बाबांना बघायला आली आणि राखीवरच ओरडली, पेशंटला दारू कुणी पाजली म्हणून. तोंडाला वास येत होता. सगळा वॉर्ड बघत होता. राखी रात्रभर खुर्चीवरून हलली नव्हती.

"मी डोयाले डोया नाई लावला," ती म्हणाली. "कोनी आलं बी नाई. तुमी इश्वास ठेवा."

किती वाजता, असं त्याने विचारलं. साडेआठच्या सुमाराला, असं ती म्हणाली.

त्याने गाडी कडेला लावली. डिक्कीत गाडगं होतं. उघडून बघावंसं वाटलं नाही.

बोटाचा चुना दवाखान्याच्या नळावर घासूनही निघाला नाही. राखीने विचारलं तर त्याने चुना लागलाय एवढंच सांगितलं.

पुंजाजींना मात्र त्या दिवसापासून उतार पडला. चौथ्या दिवशी डोळ्यांतला पिवळेपणा ओसरला, आठव्या दिवशी घरी सोडलं. डॉक्टरांनी नवा रिपोर्ट दोनदा वाचला आणि मशीनला नावं ठेवली. घरी आल्यावर राजकुमारने गाडगं वडिलांच्या समोर ठेवलं. संपलं एकदाचं, असं तो म्हणाला. त्याला वाटलं होतं बाप चिडेल. पुंजाजींनी गाडग्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी मुलाचा उजवा हात उलटा करून बोट पाहिलं.

"खुटी रिकामी ठेवली का?"

राजकुमारने हात सोडवून घेतला.

"तुह्या आजाले आणाले मी असाच गेलतो," पुंजाजी म्हणाले. "असाच तापून. थ्यानं इचारलं, कोनाचं लावू. मी म्हनलं, लाव मायं. तुही माय होती तोवर तिनं कोनालेच माह्यामागं येऊ देल्लं नाई. कोनी इचारलं का म्हने, दूध आणाले गेले."

म्हातारा रडत होता. राजकुमारने त्याला आयुष्यात कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला आधी का नाही सांगितलं, असं त्याने विचारलं, आणि पुंजाजी म्हणाले की असली गोष्ट पोराला सांगायची कोणत्या तोंडाने. तू इश्वास ठेवला असता का? राजकुमारला याचं उत्तर माहीत होतं. तो म्हणाला, बाबा, आता पुरे, तुमची तब्येत सांभाळा.

संध्याकाळी पुंजाजींनी ते गाडगं गल्लीच्या तोंडाशी नेऊन फोडलं. खापऱ्या गोळा करताना राजकुमारने पाहिलं. बाहेरून माती अजून ओली होती. आतून ती पार कोरडी होती, आणि तळाशी कोळ्याचं जुनं जाळं होतं, धुळीने भरलेलं.

त्या रात्री त्याला लहानपणीची एक गोष्ट आठवली आणि मग झोप लागली नाही. तो लहान असताना त्यांच्या गोठ्यात म्हैस होती. दोन वेळा दूध देणारी. तरीही बाप रोज सकाळी किटली घेऊन दूध आणायला जायचा.

पौषात पहिल्यांदा त्याच्या चपलांना गाळ लागलेला दिसला.

जातानाचं त्याला आठवायचं नाही. येतानाचं आठवायचं. बाभळीतून निघालेली वाट, उन्हं वर आलेली, हातात किटली, आणि जिभेवर एक चव, जिला नावं ठेवावीत असं काही नव्हतं. ताजी, थंड, किंचित फेसाळ. चवीची आठवण आली की त्याला स्वतःचाच संताप यायचा. त्याने खोलीला आतून कडी लावली. चपला कपाटात कोंडून ठेवल्या. एकदा तर जिनिंगमध्येच मुक्काम केला. सकाळी कापसाच्या गंजीवर जाग आली तेव्हा तोंडाला वास होता आणि पाय घोट्यापर्यंत चिखलात भरलेले होते.

राखीने आधी भांडून पाहिलं, मग बोलणं सोडलं. सासऱ्याचं करून आता नवऱ्याचं करायचं, असं ती भिंतीला उद्देशून म्हणायची. छकुली खामगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ती मात्र भिंतीशी बोलणाऱ्यांतली नव्हती. एका सकाळी दारातच तिने बापाला अडवलं आणि कुठे गेला होतात म्हणून विचारलं.

"दूध आणाले गेलतो," राजकुमार म्हणाला.

शब्द तोंडातून गेल्यावर त्याने हातातल्या किटलीकडे पाहिलं. छकुलीनेही पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याला चांगलं ओळखीचं होतं. दोन वर्षं तो स्वतः बापाकडे तसाच बघत आला होता.

महाशिवरात्रीच्या आसपास त्याने रक्त तपासून घेतलं. डॉक्टरांनी वडिलांच्या वेळी सांगितलेलंच त्याच्याबद्दल सांगितलं, फक्त या वेळी व्हरांड्यात राखीला नेऊन. राखीने घरी येऊन ते छकुलीला सांगितलं. रात्री छकुलीने विचारलं की ते दुकान नेमकं कुठे आहे.

"तू तिकडे जायचं नाई."

"काऊन?"

पुंजाजी ओट्यावर बसले होते. त्यांनी मान वर करून मुलाकडे पाहिलं. पोरीले सांगून टाक, असं ते सकाळीच त्याला म्हणाले होते. राजकुमारने तोंड उघडलं. काय सांगायचं होतं त्याने? खुंटी रिकामी राहत नाही? दवाखान्यात पडलेला माणूस दोन गावांवर बसून पितो? तो ग्रेडर होता. ओल किती ते आकड्यात सांगणारा माणूस. मुलीच्या डोळ्यांत बापाविषयी जी थोडी पत उरली होती ती त्याला घालवायची नव्हती. रविवारी निवांत बसून नीट सांगू, असं त्याने ठरवलं.

"सांगितलं ना, जायचं नाई," तो म्हणाला.

रविवारी त्याला उशिरा जाग आली. तोंडाला वास नव्हता. पाय कोरडे होते. कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं, आणि तो क्षणभर खूश होऊन पडून राहिला.

मग त्याने खिडकीतून पाहिलं. अंगणात स्कूटी नव्हती.

पुंजाजी ओट्यावर होते. डोळे रस्त्याकडे.

"गेली," ते म्हणाले.

तो अनवाणी गाडीवर बसला. गावाबाहेर गाडवाट सुरू होते तिथे त्याला ती समोरून येताना दिसली. डोक्याला ओढणी बांधलेली, हाताला काट्यांचे ओरखडे. स्कूटीच्या पायदानावर एक गाडगं उभं होतं. त्याच्या पोटावर चुन्याची बरोबरची खूण होती.

छकुलीने स्कूटी थांबवली. ती थकली होती आणि भयंकर चिडलेली होती.

"झालं पप्पा. काढून आनलं. एवढीशी गोष्ट होती. तुमाले दोघाइले जमली नाई."

"खुटी?" राजकुमार म्हणाला.

"थेच तर. थो मानूस भलता चिकट हाय. रिकामी ठेवत नाई म्हने. अर्धा तास डोकं खाल्लं मायं. मंग मी बी कटायली."

घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. तिने ते बोटाने मागे सारले. कपाळावर एक पांढरा डाग उमटला. तिला तो स्कूटीच्या आरशात दिसला असावा. तिने ओढणीच्या टोकाने कपाळ पुसलं, मग बोट पुसलं.

कपाळावरचा निघाला.